एनएफसी रोज कसं वापरायचं: अगदी पहिल्या टॅपपासून

फोनची वरची पट्टी खाली ओढली की वायफाय, ब्लूटूथ, टॉर्चच्या रांगेत कुठेतरी एनएफसी नावाचं एक बटण दिसतं, आणि मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या बऱ्याच जणांनी दोन-तीन वर्षं तोच फोन वापरूनही ते एकदासुद्धा दाबलेलं नव्हतं. काहींनी दाबून बघितलं, काहीच झालं नाही, मग बंद करून टाकलं. हा लेख अशांसाठीच आहे. आधीची काहीही माहिती नाही असं धरून लिहितोय, फक्त घाई करू नका, एक एक करून बघत चला.

आधी हे आहे काय ते बघू, कारण ते कळलं की पुढचं निम्मं आपोआप कळतं. नियर फील्ड कम्युनिकेशन, म्हणजे अगदी जवळच्या जवळ बोलायची रेडिओची सोय. ब्लूटूथ खोलीभर पोचतं, वायफाय घरभर पोचतं, आणि हे पोचतं जेमतेम ४ सेंटिमीटर, म्हणजे दोन बोटांच्या रुंदीएवढं. लहरी १३.५६ मेगाहर्ट्झच्या, वेग साधारण ४२४ किलोबिट प्रति सेकंदापर्यंत, म्हणजे फोटो-व्हिडिओ पाठवायला काही उपयोगाचा नाही, पण एक फोन नंबर, एक लिंक, किंवा "हे कार्ड खरं आहे" एवढी खूण पाठवायला भरपूर. नोकिया, फिलिप्स आणि सोनी या तिघांनी मिळून २००४ मध्ये एनएफसी फोरम काढला, त्यानंतर दोन-तीन वर्षांत नोकिया ६१३१ चा एनएफसीवाला फोन आला, आणि अँड्रॉइडमध्ये ते २०१० च्या नेक्सस एस पासून आलं. म्हणजे गोष्ट तशी जुनीच आहे, आपल्या हातात असूनही वापरायची राहून गेलेली.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे समोरच्या टॅगला, म्हणजे ज्याला आपण फोन टेकवतो त्या चिपवाल्या स्टिकरला किंवा कार्डाला, बॅटरी लागत नाही. फोनच्या पाठीत तारेचं एक चपटं वेटोळं असतं, त्यातून बदलतं चुंबकीय क्षेत्र बाहेर पडतं, आणि टॅगमधल्या वेटोळ्यात त्यामुळे थोडीशी वीज तयार होते, ट्रान्सफॉर्मरमध्ये होते तशीच. तेवढ्या विजेवर टॅगमधली चिप जागी होते, आपलं म्हणणं सांगते आणि फोन उचलला की पुन्हा झोपते. पारदर्शक स्टिकरवाला टॅग मिळाला तर खिडकीच्या उजेडासमोर धरून बघा, कडेकडेने फिरत आत गेलेली धातूची बारीक रेघ दिसेल आणि तिच्या टोकाला तिळाएवढा काळा ठिपका. तो ठिपका म्हणजे चिप, बाकी सगळा नुसता अँटेना.

पहिली पायरी: आपल्या फोनमध्ये आहे का

अँड्रॉइडमध्ये सेटिंग उघडा आणि वरच्या शोधायच्या चौकटीत एनएफसी टाइप करा. प्रत्येक कंपनी हे वेगळ्या नावाच्या मेनूत ठेवते, कुठे कनेक्टेड डिव्हाइसेस, कुठे कनेक्शन्स, त्यामुळे मेनू धुंडाळत बसण्यापेक्षा शोधणं बरं. काहीच सापडलं नाही तर त्या फोनमध्ये ते हार्डवेअरच नाही, आणि कुठलंही अ‍ॅप टाकून ते येणार नाही, कारण वेटोळंच नाही तर अ‍ॅप काय करणार. सापडलं तर चालू करा. बॅटरी खाईल ही भीती नको, फरक जाणवणार नाही इतकी कमी वीज लागते.

आयफोनमध्ये टॅग वाचायला चालू-बंद करायची भानगड नाही. एनएफसी आयफोन ६ मध्ये २०१४ सालीच आलं होतं पण ते फक्त पेमेंटसाठी होतं. टॅग वाचायची सोय आयफोन ७ पासून पुढे. टेन एस (XS) आणि टेन आर (XR) पासून पुढचे फोन स्क्रीन चालू असली की आपणहून टॅग ओळखतात, त्याच्या आधीच्या ७, ८ आणि टेन मध्ये कंट्रोल सेंटरमध्ये एनएफसी टॅग रीडरचं बटण घालून घ्यावं लागतं आणि दर वेळी ते दाबावं लागतं.

दुसरी पायरी: फोनची नेमकी जागा शोधा

ही पायरी कोणी सांगत नाही आणि माझ्या मते "माझ्या फोनमध्ये चालत नाही" म्हणणाऱ्या दहातल्या आठ जणांचं इथेच अडतं. ते वेटोळं सगळ्या पाठीवर पसरलेलं नसतं. आयफोनमध्ये ते वरच्या कडेला असतं. अँड्रॉइडमध्ये काहींचं कॅमेऱ्याच्या आसपास, काहींचं पाठीच्या बरोबर मधोमध. आणि अंतर मिळतं दोन बोटं, तेही नेम बरोबर लागला तर.

एक कॉन्टॅक्टलेस कार्ड घ्या, म्हणजे ज्याच्यावर चार वाकड्या रेषांची खूण असते ते, किंवा ऑफिसच्या दाराचं चालेल. फोन अनलॉक करून टेबलावर पालथा घाला. कार्ड वरच्या कडेला टेकवा आणि बोटभर बोटभर खाली सरकवत या, प्रत्येक ठिकाणी एक-दोन सेकंद थांबा. कुठेतरी फोन थरथरेल किंवा टुक् असा आवाज येईल. "हा टॅग वाचता येत नाही" असा मेसेज आला तरी हरकत नाही, फोनला काहीतरी सापडलं एवढंच आपल्याला हवंय. ती जागा लक्षात ठेवा, नाहीतर कव्हरवर पेन्सिलने ठिपका करा. मी आईच्या फोनच्या कव्हरवर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता आणि तेव्हापासून तिचा एकही टॅप चुकलेला नाही. आयफोनला ही कसरत लागत नाही, वरची कड टेकवायची, बस.

तिसरी पायरी: पेमेंट

बहुतेक लोक सुरुवात इथूनच करतात. गुगल वॉलेट, अ‍ॅपल पे, सॅमसंग वॉलेट, जे तुमच्या फोनवर आणि तुमच्या बँकेकडे चालत असेल ते उघडा, अ‍ॅड कार्ड करा, कार्डाचा फोटो काढा किंवा नंबर टाका, बँक ओटीपी पाठवून खात्री करेल, झालं. फोनला स्क्रीन लॉक नसेल तर हे होणारच नाही, आणि ते योग्यच आहे. अँड्रॉइडवर एकापेक्षा जास्त पेमेंट अ‍ॅप असतील तर एनएफसीच्या सेटिंगमध्येच डीफॉल्ट कोणतं ते ठरवून टाका, नाहीतर ऐन काउंटरवर भलतंच अ‍ॅप उघडतं.

मशीनवर टॅप करताना फोन हवेत फिरवू नका. सगळेजण ओवाळल्यासारखं करतात आणि मग म्हणतात झालं नाही. फोन अनलॉक करा, आपली ती ठिपक्याची जागा मशीनच्या खुणेवर आणा, आणि टुक् होईपर्यंत स्थिर धरा. फोनला त्या क्षणी नेट नसलं तरी बहुतेक वेळा पेमेंट होतं कारण बँकेशी बोलायचं काम मशीन करत असतं.

आता आत काय होतं ते जरा बघा, म्हणजे भीती जाईल. तुमचा खरा कार्ड नंबर दुकानदाराच्या मशीनला जातच नाही. कार्ड जोडताना त्याच्या जागी एक पर्यायी नंबर तयार होतो, त्याला टोकन म्हणतात, आणि प्रत्येक व्यवहाराला त्याच्यासोबत एकदाच चालणारा गुप्त कोड जातो. कोणी तो मधल्यामधे टिपला तरी पुन्हा वापरता येत नाही. म्हणूनच पावतीवरचे शेवटचे चार आकडे तुमच्या कार्डाशी जुळत नाहीत, ते बघून घाबरू नका. आणि वस्तू परत करायची वेळ आली तर पैसे परत घ्यायला तोच फोन घेऊन जा, कारण मशीनच्या लेखी पैसे त्या टोकनने दिलेत, प्लास्टिकच्या कार्डाने नाही.

एक चूक फार जण करतात, फोनच्या कव्हरमध्ये मागे कार्ड खोचून ठेवतात. मग फोन आणि ते कार्ड दोघंही मशीनशी एकदम बोलायला लागतात, कधी पेमेंट अडकतं, कधी भलत्याच कार्डातून पैसे जातात, आणि एरवीही फोन सारखा टुकटुक करत राहतो कारण त्याला पाठीवरचं कार्ड दर वेळी नव्याने सापडत असतं. कार्ड तिथून काढा.

चौथी पायरी: कोरे टॅग, आणि खरी मजा इथेच

कार्ड काय, पाकिटात पण असतं. पण कोरे टॅग म्हणजे आपल्याला हवं ते आपण लिहायचं, आणि एनएफसी म्हणजे काय ते मला तरी पहिला टॅग स्वतः लिहिल्यावरच नीट समजलं. गोल स्टिकर, कीचेन, कार्ड अशा रूपात मिळतात. विकत घेताना एनटॅग २१३, २१५ किंवा २१६ असं लिहिलेलं बघून घ्या, फोनवर ते बिनतक्रार चालतात. २१३ मध्ये १४४ बाइट जागा असते, २१५ मध्ये ५०४ आणि २१६ मध्ये ८८८. फोन नंबर, लिंक, वायफायची माहिती, यासाठी २१३ पुरतो. पण मराठीत मजकूर लिहायचा असेल तर लक्षात ठेवा, इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो तर देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला ३, आणि काना-मात्रा, पाय मोडायची खूण हे सगळं वेगळं मोजलं जातं. "नमस्कार" एवढ्या एका शब्दाचे २१ बाइट होतात. त्यामुळे दोन-चार ओळी मराठीत हव्या असतील तर सरळ २१६ घ्या.

लिहायला अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर एनएफसी टूल्स नावाचं अ‍ॅप आहे, सुरुवातीला तेच घ्या. उघडून राइटमध्ये जा, अ‍ॅड अ रेकॉर्ड दाबा, काय लिहायचं तो प्रकार निवडा म्हणजे मजकूर, लिंक, फोन नंबर, वायफाय वगैरे, माहिती भरा, पुन्हा राइट दाबा आणि टॅग त्या ठिपक्याच्या जागेवर टेकवा. सेकंदभरात होतं. मग अ‍ॅप पूर्ण बंद करून फोन नुसता टॅगवर ठेवून बघा. न आवडलं तर पुसा आणि परत लिहा, एक टॅग साधारण १,००,००० वेळा लिहिता येतो असं बनवणारे सांगतात, तेव्हा बिनधास्त प्रयोग करा.

पण एक गोष्ट कळकळीने सांगतो. त्याच अ‍ॅपमध्ये टॅग लॉक करायचा पर्याय असतो, तो कायमचा असतो, परत उघडता येत नाही. मी एकदा तीन कीचेनवर नंबर लिहून लगेच लॉक केले, आणि संध्याकाळी टेकवून बघतो तर नंबरातला एक आकडा चुकलेला. तिन्ही टॅग वाया गेले. तेव्हापासून माझा नियम असा की लिहिल्यावर दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर टेकवून बघायचं, दोन-चार दिवस वापरायचं, मगच लॉक. घरातल्या टॅगला लॉक करायची गरजही नसते, बाहेर दहा लोकांच्या हाती लागेल अशा ठिकाणचा टॅग मात्र नक्की करा, नाहीतर कोणीही त्यावर आपली लिंक लिहून जाईल.

माझ्याकडे टिकलेले उपयोग सांगतो, कारण सुरुवातीला उत्साहात मी घरभर स्टिकर लावले आणि त्यातले मोजकेच खरंच वापरात राहिले. एक दारामागे, पाहुण्यांसाठी वायफायचा. अँड्रॉइड फोन टेकवला की जोडायचं का विचारतो, हो म्हटलं की झालं, पासवर्ड वाचून दाखवायला नको. फक्त तो पासवर्ड टॅगवर उघडा लिहिलेला असतो, टॅग वाचणाऱ्या कुणालाही दिसतो, म्हणून राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळं नाव-पासवर्ड असलेलं वायफाय, करून त्याचाच टॅग करा. दुसरा बॅगेला, त्यात माझा नंबर, बॅग हरवली तर सापडणाऱ्याने फोन टेकवला की नंबर समोर. तिसरा कपडे धुवायच्या मशीनच्या बाजूला, त्यात माहितीपुस्तिकेची लिंक, कारण एररचा आकडा दिसला की ते पुस्तक कधीच सापडत नाही.

आणि चौथा आईचा. तिला चष्मा लावूनही यादीतलं नाव शोधायला त्रास व्हायचा, आणि चुकून भलत्यालाच फोन लागला की ती खजील व्हायची. तिच्या पलंगाशेजारच्या टेबलाच्या कडेला मी तीन स्टिकर लावले, माझा, ताईचा आणि डॉक्टरांचा, आणि हाताला कळावं म्हणून एकावर एक शर्टाचं बटण चिकटवलं, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. ती अंगठा लावून फोन उघडते, कडेवरून बोट फिरवून बटणं मोजते, लाल ठिपका त्यावर टेकवते, की नंबर स्क्रीनवर मोठा येतो आणि हिरवं बटण दाबलं की लागतो. फोन लॉक असेल तर टॅग वाचला जात नाही, तेवढं मात्र तिला दोन-तीन दिवस रोज सांगावं लागलं.

आयफोन टेन एस किंवा त्यापुढचा असेल तर टॅगवर काही न लिहिताही काम होतं. शॉर्टकट्स अ‍ॅप उघडा, ऑटोमेशनमध्ये जा, नवीन घ्या, एनएफसी निवडा, स्कॅन दाबून टॅग टेकवा, त्याला नाव द्या, आणि मग टेकवल्यावर काय व्हायला हवं ते निवडा, गजर लावणं, टायमर, दिवे बंद, काहीही. रन इमिजिएटली निवडलं तर दर वेळी विचारत बसत नाही. यात फोन टॅगचा मूळ क्रमांक ओळखत असतो, त्यामुळे ते काम फक्त तुमच्याच फोनवर होईल, दुसऱ्याच्या नाही.

स्टिकर लावताना लोखंडी कपाट, फ्रिजचं दार, लॅपटॉपचं धातूचं झाकण टाळा. धातूवर साधा टॅग मरतो, कारण ते चुंबकीय क्षेत्र धातूच खाऊन टाकतो. अशा जागी खाली फेराइटचा थर असलेले ऑन-मेटल टॅग मिळतात ते घ्या.

बाकीचे उपयोग, पटापट

काही हेडफोन, स्पीकर, कॅमेरे आणि प्रिंटरवर एन अक्षरासारखी खूण असते, तिथे फोन टेकवला की ब्लूटूथची जोडणी आपोआप होते. आवाज मात्र ब्लूटूथवरूनच जातो, एनएफसी फक्त ओळख करून देतं.

फोनला फोन लावून फाइल पाठवायची अँड्रॉइड बीम नावाची सोय २०११ मध्ये आली होती, ती गुगलने पुढे काढून टाकली. जुने लेख वाचून ती शोधत बसू नका, क्विक शेअर वापरा.

ई-पासपोर्टच्या चिपचा उपयोग ऑनलाइन ओळख पटवताना होतो. तिथे अ‍ॅप आधी पासपोर्टच्या फोटोच्या पानावरच्या खालच्या दोन ओळींचा फोटो मागतं, आणि लोक वैतागतात, पण त्याला कारण आहे, पासपोर्ट नंबर, जन्मतारीख आणि मुदत संपायची तारीख यांच्यापासून बनलेली किल्ली दिल्याशिवाय ती चिप बोलतच नाही. मग फोन पासपोर्टवर ठेवा आणि काही सेकंद अजिबात हलवू नका. नाही वाचलं तर कव्हर काढून, पासपोर्ट बंद करून, उघडून, मागच्या बाजूने असं करून बघा.

अकाउंटच्या सुरक्षेसाठी मिळणारी सिक्युरिटी की, म्हणजे लॉगिन करताना आपली ओळख पटवणारी किल्लीएवढी छोटी वस्तू, सुद्धा टेकवून चालते, आणि ज्यांचं ईमेल महत्त्वाचं आहे त्यांनी ती जरूर घ्यावी. मधुमेहासाठी दंडावर लावायचे काही सेन्सर, उदाहरणार्थ फ्रीस्टाइल लिब्रे, फोन जवळ नेला की साखरेचा आकडा देतात. काही गाड्यांचं दारसुद्धा असं उघडतं.

पाचवी पायरी: सावध कुठे राहायचं

गर्दीत कोणी फोनला मशीन लावून पैसे काढेल का, हा प्रश्न मला दर वेळी विचारतात. अंतर दोन बोटांचं आणि साध्या खरेदीला फोन अनलॉक लागतो, तेव्हा खिशातल्या लॉक केलेल्या फोनची फार काळजी नको. खरा धोका वेगळा आहे. २०२४ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने एनगेट नावाचं अँड्रॉइडवरचं घातक अ‍ॅप उघडकीस आणलं, चेक प्रजासत्ताकातल्या बँक ग्राहकांना त्याने फसवलं होतं. बँकेचं आहे असं भासवून ते अ‍ॅप टाकायला लावायचं, मग एनएफसी चालू करा, आपलं कार्ड फोनच्या पाठीला लावा आणि पिन टाका असं सांगायचं, आणि कार्डाची माहिती त्याच क्षणी दुसरीकडे चोराच्या फोनवर जायची. म्हणून फोनवर कोणी, किंवा लिंकवरून टाकलेल्या अ‍ॅपने, कार्ड पाठीला लावून पिन मागितला की तिथेच थांबा. खात्री करायचीच तर बँकेचं अ‍ॅप अधिकृत स्टोअरमधूनच घेतलेलं आहे ना ते बघा आणि कार्डावर छापलेल्या नंबरवर स्वतः फोन करा.

रस्त्यातल्या अनोळखी स्टिकरवर फोन टेकवून लिंक उघडली तर आधी पत्ता वाचा, आणि तिथे पासवर्ड किंवा कार्ड नंबर टाकू नका. पुष्कळदा खऱ्या पाटीवरच दुसरा स्टिकर चिकटवलेला असतो, नखाने कड उचलते का बघा.

चालत नसेल तेव्हा

याच क्रमाने बघा: एनएफसी चालू आहे का, फोन अनलॉक आहे का, जागा बरोबर आहे का, कव्हरमध्ये धातूची पट्टी किंवा गाडीत लावायच्या होल्डरची चकती आहे का, मागे कार्ड आहे का. विमान मोडमध्ये काही फोन एनएफसीही बंद करतात. एवढं करूनही नाही तर फोन रीस्टार्ट करा. तरीही नाही, तर दुसरा फोन त्याच टॅगवर लावून बघा, म्हणजे दोष टॅगचा की फोनचा ते लगेच कळेल. पडून पाठ बदललेल्या फोनमध्ये वेटोळ्याची जोडणी सुटलेली असू शकते, ते दुरुस्तीवाल्याला नेमकं सांगा, नाहीतर तो नुसतं सॉफ्टवेअर बदलून देईल.

आणि फोन हरवला तर लगेच दुसऱ्या फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून फाइंड माय किंवा गुगलच्या फाइंड सेवेत जाऊन तो लॉक करा, मग बँकेला फोन करून त्या फोनवरचं टोकन बंद करायला सांगा. टोकन वेगळं असल्यामुळे पाकिटातलं कार्ड बहुतेक वेळा तसंच चालू राहतं. फोन विकताना वॉलेटमधून कार्डं आधी काढायची आणि मग फोन रीसेट करायचा.